पुण्याच्या जुन्या पेठा पायी दाखवायच्या, तर कुठून सुरू करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाताळच्या सुट्टीत नाशिकहून पुण्याला येताय. बरोबर ७१ वर्षांच्या सासूबाई, ९ आणि १४ वर्षांची दोन मुलं. हाताशी एक सकाळ. यादीत शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, नानावाडा, दगडूशेठ, भिडेवाडा, तुळशीबाग, मंडई, विश्रामबागवाडा, केसरीवाडा आणि त्रिशुंड गणपती. हे सगळं कोणत्या क्रमाने बसवावं, आणि गाईड घ्यावा का? जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की मागच्या खेपेला शनिवारवाड्यात मुलं अर्ध्या तासात कंटाळली आणि म्हणाली, "इथे तर काहीच नाही."

मी बरीच वर्षं या पेठांमधून लोकांना पायी फिरवतो आहे. तुमची खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे, क्रमाचा प्रश्न त्यानंतरचा. पुण्यात जयपूर किंवा आग्र्यासारखं लांबून डोळे दिपवणारं फार थोडं उरलंय. शनिवारवाडा फेब्रुवारी १८२८च्या आगीत आतून जळाला. आज दिसतो तो लाल महाल महापालिकेने १९८०च्या दशकात नव्याने बांधलेला. भिडेवाडा तर डिसेंबर २०२३मध्ये पाडलाच. म्हणजे तुमची यादी ठिकाणामागून ठिकाण अशी उरकलीत तर मुलांचं म्हणणं दर थांब्यावर खरं ठरणार. पेठ असते ती दोन ठिकाणांच्या मधल्या बोळात. तिथे पाणी कुठून यायचं, कोण काय बनवायचं, घराचं दार रस्त्याकडे कसं उघडायचं, हे कळायला लागलं की उरलेल्या जोत्यांनाही अर्थ येतो.

म्हणून आधी यादी अर्ध्यावर आणा. केसरीवाडा आणि विश्रामबागवाडा या खेपेला सोडा. दोन्ही बघण्यासारखे आहेत, पण ते वेगळ्या बाजूला आहेत आणि तिथे पोचेपर्यंत सासूबाईंचे पाय बोलायला लागतील. नानावाड्याकडे शनिवारवाड्याला लागूनच असल्यामुळे बाहेरून नजर टाकता येईल. तुळशीबागेत शिरलात की सकाळ खरेदीत जाईल, ते संध्याकाळसाठी ठेवा.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण त्यावाचून कुठलाही क्रम कागदावरच राहतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वार. मंगळवारी आणि संकष्टीला दगडूशेठसमोरचा रस्ता गर्दीने भरलेला असतो, त्या दिवशी तिथे उभं राहून मुलांना काही सांगणं जमत नाही. रविवारी पहाटे रस्ते मोकळे मिळतात, पण कारागिरांच्या आळीत शांतता असण्याचा संभव जास्त. मला विचाराल तर बुधवार किंवा गुरुवार घ्या. दुसरी गोष्ट गुडघे. सासूबाई सपाट रस्त्यावर किती वेळ सलग चालू शकतात, हे त्यांना घरीच मोकळेपणाने विचारा. बाहेर पडल्यावर घरातली वडीलधारी माणसं "मला काही होत नाही" असंच म्हणतात. थांबत थांबत चालताना तासाला एक किलोमीटर धरा, त्याहून जास्त नाही. तिसरी गोष्ट अशी की इथे पदपथ म्हणजे बऱ्याचदा दुचाकींचा वाहनतळ असतो. तेव्हा लहानग्याचा हात कोणी धरायचा, हे निघतानाच ठरवा.

गाडी पेठेत आणूच नका. २०२४पासून मेट्रोचं कसबा पेठ स्थानक सुरू झालंय. शिवाजीनगरच्या बाजूला कुठेतरी गाडी लावून मेट्रोने या. स्थानकात लिफ्ट आहे आणि स्वच्छतागृहही. वयस्क माणूस बरोबर असताना स्वच्छतागृह कुठे आहे हे पहिल्यांदा बघायचं, इतिहास त्यानंतर. पायात काढता-घालता येणारी चप्पल असू द्या, कारण देवळं दोन-तीन लागतील.

सुरुवात शनिवारवाड्यापासूनच करा, पण सकाळी उघडताच, आणि दिल्ली दरवाजाच्या बाहेर पंधरा मिनिटं घालवूनच आत जा. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ला वास्तुशांत झाली. हा दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. मुलांना दारावरचे लोखंडी खिळे दाखवा आणि विचारा, हे इतक्या उंचीवर का? हत्तीने डोकं लावून दार फोडू नये म्हणून, हे उत्तर नऊ वर्षांचं मूल स्वतः काढतं. मग त्या मोठ्या दारातली छोटी दिंडी दाखवा. माणूस एकेकटा, वाकून आत यायचा. तटबंदी बघताना खालचा भाग दगडाचा आणि वरचा विटांचा कुठे बदलतो, ती रेघ चौदा वर्षांच्या मुलाला शोधायला लावा. वर नगारखाना लाकडी आहे. आत जे मजले होते तेही मुख्यतः लाकडाचेच होते, म्हणून तर आग लागल्यावर जोती तेवढी राहिली.

आत गेल्यावर भुताची गोष्ट सांगायचा मोह टाळा. "काका, मला वाचवा" ऐकून मुलं पाच मिनिटं घाबरतात आणि नंतर त्यांना दुसरं काहीच आठवत नाही. जे घडलं ते कितीतरी गंभीर आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा याच वाड्यात गारद्यांनी, म्हणजे पगारी पहारेकऱ्यांनी, खून केला. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष थेट गादीवर बसलेल्या काका रघुनाथरावांवर ठेवला. सत्तेवरच्या माणसाला त्याच्याच राज्यातला न्यायाधीश दोषी ठरवतो, ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलाला नीट सांगितली तर तो प्रश्न विचारत राहतो. मी तरी हाच प्रसंग सांगतो आणि भुताचं कोणी विचारलं, तर ती नंतर रचलेली दंतकथा आहे असं स्पष्ट सांगतो.

मग हजारी कारंजापाशी या. सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हे कारंजं आता कोरडं असतं, पण तुमच्या सगळ्या सकाळीचा धागा मी इथून काढेन. इथे पाणी यायचं कुठून? नदी तर खालच्या पातळीवर. पंप नव्हता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तिथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी-विटांचा नळ आणला. उतार इतका मोजून-मापून दिला होता की पाणी आपल्या वजनाने वाहत यायचं. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले होते, म्हणजे हवा बाहेर पडायला आणि माणसाला आत उतरून गाळ काढायला उभ्या विहिरीसारखी तोंडं. हे पाणी शहरातल्या हौदांमध्ये पडायचं आणि लोक तिथून भरायचे. तुमचं मूल बाटलीतलं पाणी पीत उभं असतं तेव्हाच हे सांगावं. तिथून पुढे दिसेल त्या हौदाशी त्याला स्वतःलाच प्रश्न पडतात.

वाड्यातून बाहेर पडून शिवाजी रस्ता ओलांडलात की लाल महाल. रस्ता ओलांडताना सिग्नलवरच ओलांडा, मधून नको. लाल महालात दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मूळ वास्तू शहाजीराजांनी जिजाऊ आणि बाल शिवाजी यांच्यासाठी बांधलेली. ५ एप्रिल १६६३च्या रात्री शायिस्तेखानावर छापा पडला तोही इथेच. आजची इमारत नवी आहे, हे मुलांना आधीच सांगा. खरं सांगितलं की मुलं जास्त विश्वासाने ऐकतात. तिथला सोन्याच्या नांगराचा देखावा मात्र जरूर दाखवा, कारण त्यामुळे पुढच्या थांब्याची पूर्वपीठिका तयार होते: १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदाराने पुणं जाळून, गाढवाचा नांगर फिरवून ओसाड केलं होतं आणि जिजाऊंनी इथे पुन्हा वस्ती बसवली.

त्या वस्तीचं दैवत म्हणजे कसबा गणपती. लाल महालापासून तो हाकेच्या अंतरावर आहे. पुण्याचं ग्रामदैवत आणि विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला. मूर्ती म्हणजे शेंदराने माखलेला तांदळा, सोंड-हात असं काही ठळक नाही. देऊळ जिजाऊंनी बांधून घेतलं. इथल्या सभामंडपात सासूबाईंना निवांत बसू द्या. तुम्हीही पाय पसरून बसा, खांबांकडे बघा, गप्पा मारा. माझ्या प्रत्येक फेरीत हा थांबा लांबतो आणि मी तो लांबू देतो. पेठेतली माणसं शाळेत-दुकानात जाता जाता दाराशी क्षणभर थांबून नमस्कार करून पुढे जातात, ते बघणं हाही पेठेच्या दर्शनाचाच भाग आहे.

इथून पुढे मुख्य रस्ता सोडा आणि कसब्याच्या आळ्यांमध्ये शिरा. ही सगळ्यात जुनी पेठ. बाकीच्या वारांच्या पेठा बऱ्याच नंतर वसल्या किंवा पेशव्यांच्या काळात नव्या नावाने उभ्या राहिल्या. रविवार पेठ आधी मलकापूर होती, सोमवार शहापूर, शुक्रवार विसापूर. कसब्यात मात्र आळ्या धंद्यांच्या नावाने आहेत: तांबट आळी, शिंपी आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा. ज्याला जे सामान लागायचं त्याप्रमाणे जागा ठरायची. कुंभारांना माती आणि पाणी हवं, म्हणून ते नदीकाठाला.

तांबट आळीसाठी मी सकाळचा सगळ्यात चांगला वेळ राखून ठेवतो, म्हणजे दहाच्या पुढचा, काम सुरू झाल्यानंतरचा. आळी दिसायच्या आधी ऐकू येते. दाराशी उभे राहा, कारागिराला नमस्कार करा, "बघितलं तर चालेल का?" असं विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, पण हातातलं काम थांबवून बोलत नाहीत आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. बघायचं काय ते सांगतो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर भांडं पालथं घातलेलं असतं. एका हाताने कारागीर ते किंचित किंचित फिरवतो, दुसऱ्या हाताने हातोडी पडते. घाव एकाशेजारी एक पडत जातात आणि त्यांची ओळ भांड्याभोवती वळत वर चढते. याला मठारकाम म्हणतात. लोकांना वाटतं ही नक्षी आहे. पण तांब्याचा पातळ पत्रा ठोकला की कडक होतो, म्हणून पातळ भांडंही पोचे न पडता वर्षानुवर्षं टिकतं. फारच कडक झाला तर भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचा आणि पुन्हा ठोकायचा. मुलाला मठारलेल्या आणि न मठारलेल्या पत्र्यावर बोट फिरवायला मिळालं तर फरक त्याला बोटालाच कळेल.

इथे सासूबाईंना पुढे करा. अंघोळीचा बंब, घंगाळ, हंडा, तपेलं, कल्हईवाला, या सगळ्याबद्दल त्यांच्याकडे सांगण्यासारखं असेल आणि ते माझ्यासारख्या माणसाने सांगण्यापेक्षा नातवंडांना आजीकडून ऐकायला मिळावं. बंब कसा पेटवायचा, कल्हई गेल्यावर आमटी कशी कळकायची, हे सांगायला लागल्यावर कितीतरी आज्या गुडघे विसरून आणखी अर्धा तास चालल्या आहेत. खरेदी करायची असेल तर पिण्याच्या पाण्याचं भांडं घ्या. स्वयंपाकाचं घेतलंत तर आतून कल्हई केलेलंच घ्या, कारण आंबट पदार्थ उघड्या तांब्यात कळकतात. आणि घासाघीस करू नका. दिवसभर हातोडी मारून होणाऱ्या कामाला तो भाव जास्त नाही.

आळीतून चालताना जुने वाडे दिसतील. वाड्यात शिरायची घाई नको, तो आधी रस्त्यावरून वाचा. मोठं दार, त्यात दिंडी, आत देवडी, म्हणजे जिथे राखणदार किंवा आल्या-गेल्याने थांबायचं. दार उघडं असेल तर पलीकडे चौकातला उजेड दिसतो. घराचं तोंड रस्त्याकडे नाही, आतल्या चौकाकडे आहे. लाकडी खांबाच्या पायाशी बघा: खांब जमिनीवर टेकलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. वर तुळया, त्यावर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत. भिंती जाड असल्या तरी मजल्यांचं ओझं बरंचसं हा लाकडी सांगाडा पेलतो. म्हणूनच छपराची कौलं फुटून पावसाचं पाणी लाकडात मुरायला लागलं की दहा-पंधरा वर्षांत सगळा वाडा कलतो.

"इतके सुंदर वाडे लोक का पाडतात?" हा प्रश्न तुमचा मुलगा विचारणारच. उत्तर सोपं नाही आणि ते सोपं करून सांगू नये. एका वाड्याला वारस वीस-तीस असू शकतात, त्यातले काही परदेशात. भाडेकरू तीन पिढ्यांचे, भाडं जुन्या दराचं. त्या भाड्यात कौलं बदलून होत नाहीत. छप्पर गळतं, जिन्याची पायरी निघते, आणि आत राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला पावसाळ्यात झोप लागत नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरून कितीतरी वाडे त्याच दिवशी पडले. जे राहिले ते एकेक करून जाताहेत. मला प्रत्येक पाडलेल्या वाड्याचं दुःख होतं, पण राहणाऱ्यांना दोष देणं मला कधी पटलं नाही. म्हणूनच वाड्यात विचारल्याशिवाय पाऊल ठेवू नका, दोरीवरच्या कपड्यांचे फोटो काढू नका, आणि "किती पडकं झालंय" असं आत उभं राहून मोठ्याने म्हणू नका. कोणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी तिथेच असते.

फडके हौद चौकात आलात की पाण्याचा धागा पुन्हा हाती घ्या. हौदाचं नाव आज चौकाला उरलंय. हौद सार्वजनिक होते खरे, पण सगळ्यांना नव्हते. अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्यांवर पाणी भरायची मुभा नव्हती. १८६८मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. कात्रजच्या नळाचं कौतुक सांगताना ही बाजू सांगितली नाही तर ती गोष्ट अर्धीच राहते, असं मी मानतो.

इथवर साधारण अडीच तास झालेले असतील. आता सासूबाईंकडे बघून ठरवा. दमल्या असतील तर खाऊन-पिऊन मेट्रोने परत. ताकद असेल तर दोन वाटा आहेत आणि त्यातली एकच घ्या.

पहिली वाट दगडूशेठ आणि भिडेवाड्याची. रिक्षाने पाच-दहा मिनिटं. दगडूशेठचं दर्शन घ्या आणि रस्त्यापलीकडे बघा. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथल्या भिडेवाड्यात सुरू केली. वाडा आता नाही, त्या जागी राष्ट्रीय स्मारक व्हायचं ठरलं आहे. तरीही मी प्रत्येक गटाला इथे उभं करतो. सासूबाई कुठवर शिकल्या, त्यांच्या आई कुठवर शिकल्या, हे मुलांनी याच ठिकाणी विचारावं.

दुसरी वाट सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीची, नागझरी ओढ्याच्या पलीकडे. नागझरी ही जुन्या गावाची पूर्वेकडची सीमा. आज तिच्याकडे गटार म्हणून बघितलं जातं याचा मला मनापासून त्रास होतो. देऊळ छोटं, काळ्या दगडाचं, भीमगीरजी गोसाव्यांनी १७५४ ते १७७०च्या दरम्यान बांधलेलं. आत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला. पण मुलांना आधी दर्शनी भिंतच दाखवा. तिथे टोपीवाले गोरे सैनिक एका गेंड्याला साखळदंडांनी बांधताना कोरलेत. इंग्रजांनी पूर्वेकडचा, गेंड्यांचा मुलूख घशात घातला, त्याचं हे चित्र असावं असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात. पुण्याच्या देवळावर गेंडा कुठून आला, या एका प्रश्नावर मुलं बराच वेळ रमतात. नऊ वर्षांचं मूल उत्साहात असेल तर मी हीच वाट घेईन.

गाईडबद्दल. तुम्ही वरचं सगळं वाचून, थोडं आणखी वाचून स्वतः दाखवू शकता आणि कुटुंबासाठी तेच जास्त चांगलं. घ्यायचाच असेल तर आधी फोनवर तीन गोष्टी विचारा. गटात माणसं किती असतात? पंधराच्या वर असतील तर आळीत मागच्या माणसाला काही ऐकू येत नाही आणि रहिवाशांना त्रास होतो. सकाळीत थांबे किती? बारा-पंधरा सांगितले तर नम्रपणे नको म्हणा. आणि नोंद असलेला इतिहास आणि लोकांत चालत आलेली गोष्ट हे तो वेगवेगळं करून सांगतो का? शेवटच्या प्रश्नावर जो माणूस चिडत नाही, उलट बोलायला लागतो, तो घ्या. वयस्क माणूस बरोबर आहे आणि मध्येच थांबू, हेही आधीच सांगा.

थोडक्यात क्रम असा: कसबा पेठ स्थानक, शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती आणि तिथे बैठक, तांबट आळी, फडके हौद, मग भिडेवाडा किंवा त्रिशुंड. निघण्यापूर्वी शनिवारवाडा आणि लाल महालाच्या वेळा त्या आठवड्यात तपासून घ्या, दुरुस्तीसाठी किंवा कार्यक्रमासाठी बंद असण्याचे दिवस येतात. मुक्काम एक दिवस वाढला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडई, तुळशीबागेतलं राम मंदिर आणि विश्रामबागवाडा अशी वेगळी फेरी करा. मंडईच्या अष्टकोनी इमारतीत भाजीवाल्या मावशींकडून काहीतरी विकत घ्या आणि मगच फोटोसाठी विचारा. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघितले की सगळ्यात चांगले दिसतात.